काँक्रीटची जुनी पन्हळ: दुरुस्त करायची, आतून पत्रा घालायचा की उतरवायची?

परभणीचं आमचं घर १९८२ सालचं. वडिलांनी स्लॅब टाकला तेव्हाच पुढच्या कडेला काँक्रीटची पन्हळ ओतून घेतली. त्याआधीच्या माळवदाच्या घराला लाकडी पनाळी होत्या. स्लॅब आला तशी पनाळही सिमेंटची झाली आणि गल्लीतल्या बहुतेक घरांनी तेच केलं. चाळीस वर्षांनी आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीला ओल यायला लागली. आम्ही गच्चीला एकदा केमिकल मारून घेतलं, दोन वर्षांनी पुन्हा मारून घेतलं, ओल मात्र जागची हलली नाही. तिसऱ्या वेळी एक वयस्कर मिस्त्री आले. गच्चीवर न जाता त्यांनी बाहेरून शिडी लावली, पन्हळीत हात घातला आणि मूठभर काळा गाळ काढून दाखवला. "बाबा, पाणी हितून उतरू लागलंय. गच्चीला काय औषध पाजायलात?"

त्यानंतर आमची, बहिणीची आणि शेजारच्या दोन घरांची अशा चार पन्हळींची कामं मी समोर उभं राहून करून घेतली. त्यातून जे कळलं ते इथे सगळं लिहितोय, कारण या कामात चुकीच्या ठिकाणी पैसा घालणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

पन्हळ बिघडते कशानं

काँक्रीट चाळीस वर्षांत मरत नाही. आतल्या सळईला गंज चढतो आणि तो गंज काँक्रीट फोडतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, त्यामुळे वरचं सिमेंट ढकललं जाऊन पोपडे सुटतात. जुन्या पन्हळींत सळईवर जेमतेम अर्धा-पाऊण इंच कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर असतो. त्यात गाळ साचलेला, म्हणजे पाऊस संपल्यावरही तळ महिनाभर ओला.

दुसरं कारण आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उघडं काँक्रीट हवेपेक्षाही जास्त तापतं. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की दहा मीटर लांबीची पन्हळ साधारण ३ मिलिमीटर लांबते-आखडते. हे रोज चालू असतं. म्हणून पन्हळीतली आडवी भेग नुसत्या सिमेंटनं बुजवली की पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी उघडते. मिस्त्रीच्या हाताचा त्यात दोष नसतो, भेग हलत असते आणि सिमेंट हलत नाही.

काम कधी काढायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. काँक्रीट कोरडं असतं, ऊन बेताचं असतं आणि क्युरिंगला, म्हणजे सिमेंट भिजवत ठेवायला, नळाचं किंवा बोअरचं पाणी मिळतं. मे महिन्यात टँकरचं पाणी विकत घेऊन सिमेंट भिजवायची वेळ येते, मग ते कोणी पुरेसं भिजवत नाही. शिवाय तापलेल्या काँक्रीटवर लावलेला कोट धरण्याआधीच सुकतो. उन्हाळ्यातच करावं लागलं, तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर करा.

पहिलं पाऊल: साफसफाई

शिडी पक्की बांधा. चार फूट उंचीला एक फूट या हिशोबानं तिचा पाय भिंतीपासून लांब हवा आणि खाली एक माणूस धरायला हवा. जुन्या वस्त्यांत खांबावरून घरात येणारी विजेची वायर बऱ्याचदा पन्हळीला चिकटूनच जाते. ती आधी बघा. वायरचं आवरण उडालेलं दिसलं, तर वीज कंपनीच्या माणसाला बोलावल्याशिवाय वर चढू नका. आणि पन्हळीवर पाय देऊन कधीही उभं राहायचं नाही, ती कितीही दणकट दिसली तरी.

गाळ कोरडाच काढा, थापीनं घमेल्यात भरून. पाण्याचा पाइप लावून तो खाली ढकलला की उभ्या पाइपाच्या वळणात जाऊन बसतो आणि काम दुप्पट होतं. तो गाळ झाडांना घालायला उत्तम आहे.

पिंपळाचं रोप असणारच. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि भेगेत रुजतं. आमच्याकडे पिंपळ उपटायला आई तयार नव्हती. शेवटी मुळाभोवतीचं सिमेंट हळूच फोडून रोप अख्खं काढलं आणि मारुतीच्या देवळामागे लावलं. रोप नेलं काय नि टाकलं काय, भेगेत मूळ राहता कामा नये. वरून कापलेला पिंपळ पुन्हा फुटतो, आणि दर वेळी मूळ जाड होऊन भेग रुंदावते. मूळ शेवटपर्यंत निघेल इतकी भेग छिन्नीनं उघडा. ती पुढे भरायचीच आहे.

दुसरं पाऊल: तपासणी

इथे घाई करू नका. पुढचा सगळा खर्च या एका दिवसावर ठरतो.

आधी छोट्या हातोड्यानं पन्हळ आतून, बाहेरून आणि खालून ठोकत जा. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे खडूनं गोल करा. सगळी लांबी झाली की लांब उभं राहून बघा. खुणा विखुरलेल्या आहेत की एका सलग पट्ट्यात, यावर निर्णय ठरतो.

मग भेगा. पन्हळ स्लॅबमधून बाहेर झुकलेली असते, म्हणून तिचा भार पेलणारी मुख्य सळई वरच्या अंगाला असते. स्लॅब आणि पन्हळ जिथे मिळतात तिथे वरच्या बाजूनं लांबीभर भेग असेल किंवा पन्हळ पुढे झुकलेली दिसत असेल, तर ते धोक्याचं लक्षण आहे. तिथेच थांबा, खालची ये-जा बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खालच्या बाजूचे पोपडे भयंकर दिसतात आणि वरची भेग कोबा-गाळाखाली झाकलेली असते, त्यामुळे लोक नेमकं उलट घाबरतात.

ही भेग नसेल तरच पाणी भरून बघायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गोणपाट कोंबून उतरत्या पाइपाचं तोंड बंद करा, दोन इंच पाणी भरा आणि पातळीची खूण करा. शेजारी तेवढंच पाणी भरलेली एक बादली उघडी ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी नुसतं वाफेनं जातं, आणि बादली नसेल तर त्यालाच गळती समजून बसाल. चोवीस तासांनी दोन्ही बघा. बादलीपेक्षा पन्हळीतलं जास्त उतरलं असेल तेवढीच गळती. घरातल्या भिंतीवरचा ओलीचा डागही याच वेळी पेन्सिलीनं आखून ठेवा.

पाणी सोडलं की कुठे कुठे साचून राहतं ते दिसतं. तो ढाळाचा दोष. लेव्हलच्या नळीनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, दोन टोकं मोजा. शंभराला एक, म्हणजे मीटरमागे एक सेंटीमीटर उतार असला तर उत्तम, पण जुन्या पन्हळीत तो क्वचितच सापडतो. दोनशेला एकनंही भागतं. आमच्या पन्हळीला तर मधे उलटा ढाळ होता. चाळीस वर्षं अर्धं पाणी पाइपाकडे जातच नव्हतं.

निर्णय

बद्द जागा थोड्या, सळई जागेवर आणि पाणी नेमक्या ठिकाणांहून गळतंय, तर दुरुस्ती. काँक्रीट ठोकून मजबूत आहे पण सगळीकडूनच झिरपतंय किंवा ढाळ बराच चुकलाय, तर आतून पत्र्याची नवी पन्हळ बसवा. वरची भेग असेल, सळई सलग गंजली असेल किंवा तुकडे पडायला लागले असतील, तर उतरवणं.

उतरवायला लोक कचरतात, म्हणून वजनाचा हिशोब सांगतो. तळ एक फूट रुंद आणि तीन इंच जाड, बाहेरची भिंत आठ इंच उंच आणि अडीच इंच जाड, अशी साधी पन्हळ धरा. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,५०० किलो. म्हणजे पन्हळीच्या दर फुटाला पंचवीस किलोच्या वर भार होतो आणि तुंबून भरली की आणखी चौदा-पंधरा किलो पाणी. तुंबून भरलेल्या तीस फुटांच्या पन्हळीचा एक टनाहून जास्त भार दारावर लोंबतो. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही, आणि २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणीत पुन्हा धक्के बसले. भूकंपात कठडे, पन्हळी असे बाहेर लोंबणारे भाग लवकर सुटतात, आणि माणसं त्याच वेळी दारातून बाहेर पळत असतात.

दुरुस्ती

बद्द वाजणारं सगळं काँक्रीट काढा. वरचा पोपडा काढून गिलावा थापला तर तो वर्षभरात सुटतो. गंजलेली सळई दिसली की तिच्या मागेही बोट जाईल इतकी जागा मोकळी करा आणि गंज संपून लोखंड चांगलं दिसेपर्यंत लांबीनंही उघडत जा. मिस्त्री इथे नेहमी कुरकुर करतात. पण सळईच्या मागचा गंज तसाच राहिला तर पुढचं सगळं काम वाया जातं. सळईची जाडी चौथ्या हिश्श्याहून जास्त खाल्लेली दिसली, तर शेजारी नवी सळई जोडावी लागते. ते इंजिनिअरला विचारूनच करा.

तारेच्या ब्रशनं सळई घासून झिंक प्रायमरचा हात द्या आणि तो सुकू द्या. कडा निमुळत्या ठेवू नका, ग्राइंडरनं सरळ खाच पाडून घ्या. पातळ होत गेलेली कड आधी सुटते. धूळ धुऊन काढा. काँक्रीट आतून ओलसर हवं, पण वर पाणी साचलेलं नको.

मग लेटेक्स (सिमेंटला चिकटपणा देणारा दुधासारखा द्रव) आणि सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ खळ, ब्रशनं चोळून लावायची. बाजारात एसबीआर किंवा ॲक्रिलिक लेटेक्स मिळतं, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ही स्लरी ओली-चिकट असतानाच वर मसाला बसला पाहिजे. सुकलेली स्लरी जोडण्याऐवजी तोडण्याचं काम करते. माणूस चहाला गेला आणि ती वाळली, तर खरवडून पुन्हा लावायला सांगा. आमच्या कामात मी दोनदा सांगितलं. वाईटपणा आला, पण ते दोन्ही तुकडे आजही घट्ट आहेत.

मसाला एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग चाळलेली स्वच्छ वाळू, त्यात लेटेक्स. एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर नको. खोल जागा दोन-तीन थरांत भरा, आणि आधीच्या थराला ओला असतानाच ओरखडे काढून ठेवा. लेटेक्सचा मसाला साध्या सिमेंटसारखा आठवडाभर पाण्यात ठेवायचा नसतो. पहिले एक-दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा आणि मग हवेवर सुकू द्यायचा. उन्हात उघडा टाकायचा नाही.

ढाळ चुकला असेल तर याच मसाल्यानं तळ करून घ्या. पण वजन वाढतंय हे लक्षात ठेवा. भर दीड इंचाच्या वर जाणार असेल, तर त्यापेक्षा मधे किंवा दुसऱ्या टोकाला एक पाइप आणखी काढणं बरं. पाण्याला जायचं अंतर निम्मं झालं की लागणारी भरही निम्मी होते.

हलणाऱ्या आडव्या भेगांना बोटाच्या जाडीची खाच पाडून त्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा, सिमेंट नाही. तळ आणि भिंत जिथे काटकोनात मिळतात तिथे मसाल्याचा गोलसर वाटा मारून घ्या. काटकोनात कोट नेहमी पातळ बसतो आणि पहिली गळती तिथूनच सुरू होते.

सगळं पूर्ण सुकल्यावर वॉटरप्रूफिंग. दोन भागांचं, म्हणजे पावडर आणि द्रव एकत्र करायचं, सिमेंटचं लवचीक कोटिंग मला सर्वांत भरवशाचं वाटलं. पहिला हात आडवा, तो ओला असताना वाट्यांवर आणि भेगांवर फायबरची जाळी दाबून बसवायची, दुसरा हात उभा. कोट पन्हळीपुरता थांबवू नका. बाहेरच्या भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे, गच्चीच्या बाजूला स्लॅबवर फूटभर आणि पाइपाच्या तोंडात चार इंच आत न्या. डांबर लावू नका. उन्हात ते मऊ पडतं, मग भेगाळतं आणि पुढे दुसरं काही लावायचं तर आधी ते खरवडण्यात दिवस जातात.

आठवड्यानं पुन्हा पाणी भरून बघा, पुन्हा बादली शेजारी ठेवून. मिस्त्रीचे शेवटचे पैसे त्यानंतर द्यायचे, हे काम ठरवतानाच सांगून ठेवा.

आतून पत्रा

रंगीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा फॅब्रिकेटरकडे वाकवून मिळतो. गावोगावी पत्र्याची शेडं झाल्यामुळे ही माणसं आता सगळीकडे आहेत. जोड पाण्याच्या दिशेनं असावा, म्हणजे वरच्या अंगाचा तुकडा खालच्यावर चढलेला, निदान सहा इंच, रिव्हेट आणि सीलंटसह. पत्र्याची मागची कड गच्चीच्या कोब्याखाली गेली पाहिजे. ती नुसती कडेला टेकवली तर पाणी पत्र्याच्या मागून उतरतं आणि कुजकं काँक्रीट झाकलेलं राहतं. जुन्या तळाला दर चार-पाच फुटांवर भोकं पाडा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडेल आणि पत्रा गळायला लागल्याचं खालून दिसेल. ॲल्युमिनियम घेणार असाल तर मधे जाड प्लॅस्टिक घाला, ओल्या सिमेंटला लागून ते खातं. पत्र्यानं आतली जागा कमी होते, तेव्हा रुंद गच्चीला ही पद्धत जपूनच वापरा.

उतरवणं

हे काम स्वतः करायचं नाही. पण करून घेताना काय बघायचं ते माहीत हवं. काही घरांत कठडा पन्हळीच्याच कडेवर बांधलेला असतो. तसं असेल तर आधी कठडा. खाली सगळ्या लांबीला टेकू, परांची आणि दहा फुटांपर्यंत दोरी बांधून रस्ता बंद. ग्राइंडरनं दोन-दोन फुटांचे तुकडे पाडायचे, टोकाकडून सुरुवात करायची, प्रत्येक तुकडा दोरानं बांधूनच सोडवायचा. एक तुकडा पन्नास किलोचा असतो. घणानं एकदम फोडू देऊ नका, हादरे स्लॅबमध्ये जातात.

कापलेल्या सळयांची टोकं स्लॅबच्या कडेला उघडी राहतात. त्यांना प्रायमर आणि वरून लेटेक्सचा मसाला, नाहीतर गंज आता स्लॅबमध्ये शिरेल. स्लॅबच्या कडेखाली लांबीभर एक खाच पाडा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल आणि भिंतीवर येणार नाही. मग पीव्हीसी किंवा पत्र्याची हलकी पन्हळ दर दोन फुटांवर ब्रॅकेट मारून बसवा.

उभा पाइप आणि काळी माती

तासाला १०० मिलिमीटरच्या जोराचा पाऊस धरला तर ४०० चौरस फूट गच्चीवरून मिनिटाला साठेक लिटर पाणी येतं. तेवढ्याला चार इंची एक पाइप लागतो. जुन्या घरांत हजार चौरस फूट गच्चीला दोन-अडीच इंची एकच पाइप असतो आणि पन्हळ भरून वाहते ती त्यामुळे. तोंडाला घुमटासारखी उभी जाळी लावा. सपाट जाळी एका पिंपळपानानं बंद होते.

जुना पाइप करड्या सिमेंटचा असेल तर तो बहुधा ॲस्बेस्टॉसचा आहे. तो कोरडा कापायचा किंवा फोडायचा नाही, त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. पाणी मारून ओला करायचा, तोंडाला चांगला मास्क लावायचा, क्लँप सोडून अख्खा उतरवायचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पाइप जिथे संपतो तिथे खाली काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. घराच्या एकाच कोपऱ्याला वर्षानुवर्षं पाणी मुरलं की तेवढा कोपरा वर-खाली होतो आणि खिडकीच्या कोनातून भिंतीला तिरकी भेग जाते. बहिणीच्या घरी ही भेग तीन वेळा पुट्टी भरून रंगवली, आणि कारण होतं पायाशी सुटणारी पन्हळ. घराभोवती तीन फूट रुंद फरशी बाहेरच्या उतारानं करा आणि पाइप तिच्याही पलीकडे न्या. शेजाऱ्याच्या पायाशी मात्र नाही.

पाणी टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला नेता आलं तर उत्तमच. हजार चौरस फूट गच्ची आणि वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती-वाफ वजा जाऊन पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी होतं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा हा आकडा आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र बाहेर सोडा, आणि बोअरमध्ये वाळू-खडीच्या गाळणीतूनच जाऊ द्या.

पुढे दरवर्षी

मृगाच्या आधी एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा पन्हळ साफ करा. आपल्याकडे खरा जोराचा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरातच येतो आणि तोवर पन्हळ पुन्हा पानांनी भरलेली असते. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन अंगणात उतरा आणि पाच मिनिटं पन्हळीकडे बघत उभे राहा. कड ओलांडून पाणी कुठे सांडतंय, पाइपातून किती जोरात पडतंय, खालून कुठे थेंब धरतोय, ते भिंतीवर खडूनं खूण करून ठेवा. पाऊस थांबला की आत येऊन मधल्या खोलीतला पेन्सिलीनं आखलेला डाग बघा.